मैदानात उतरलेला दात

मी एक जुना दात आहे. खरा नव्हे; गुलाबी प्लॅस्टिकच्या पातळ पट्टीवर बसवलेला, काढता-घालता येणारा. मित्रांनो, मी आजवर कुणालाही चावलेलो नाही, हे आधीच सांगतो.

माझ्या मालकीणबाई मुलींच्या फुटबॉल संघाच्या प्रशिक्षक. मुली त्यांना ताई म्हणत. एकदा चेंडू थेट तोंडावर आला आणि त्यांचा पुढचा दात काढावा लागला. डॉक्टरांनी वाटा सांगितल्या. शेजारच्या दातांच्या आधारानं ब्रिज बसवायचा तर ते दोन्ही दात घासून बारीक करावे लागणार. त्या बिचाऱ्यांचा काहीच गुन्हा नव्हता. हाडात स्क्रू बसवून त्यावर दात लावला तर तो अगदी खऱ्यासारखा, पण त्याला काही महिने लागणार. तोवर मी. थोडक्यात, राखीव खेळाडू म्हणून माझी निवड झाली.

दात बनवणाऱ्या कारागिरानं ताईंच्या जबड्याच्या प्लॅस्टरच्या साच्यावर मला घडवलं. रंग जुळवताना त्याचा चहा गार झाला, पण शेजारचे दात मला सख्खा भाऊ समजू लागले.

ताई मात्र मला बेसिनशी दार लावून धूत. कुणाला कळता कामा नये.

संघाची गोलकीपर सगळ्यांत उंच, म्हणून तिला टिल्लू म्हणत. सायकलवरून पडून तिचाही पुढचा दात गेला. जबडा वाढतोय तोवर स्क्रू नको, काढता-घालता येणारा दात लाव, असं डॉक्टर म्हणाले. ते म्हाताऱ्यांचं असतं, असं म्हणून ती रडली आणि मैदानात तोंड मिटून उभी राहू लागली. गोलकीपर गप्प, मग बचावातल्या मुलींना सांगणार कोण? उपांत्य सामन्यात मध्यंतरापर्यंत आमच्यावर दोन गोल झाले.

ग्लोव्हजआड तोंड लपवून ती म्हणाली, "ताई, मला बदला."

 ताईंनी अंगठा तोंडात घालून टक्कन मला काढलं आणि तळहातावर ठेवलं. सगळा संघ माझ्याकडे बघत होता. मीही जमेल तितका ताठ बसलो.

"हा सगळे सामने माझ्यासोबत खेळलाय. दिसला होता कधी?" त्यांचा प्रत्येक 'स' शिट्टीसारखा वाजला.

"नाही."

"मग ओरड. दाताचं नंतर बघू."

टिल्लू हसली, तोंडातली खिडकी सताड उघडी टाकून. पुढे तिचा आवाज इतका चढला की समोरच्या संघातल्या मुलीही तिच्या सूचना पाळू लागल्या. आम्ही हरलो, दोन-एक. पण तिसरा गोल झाला नाही. आठवडाभरात टिल्लूच्या तोंडात माझा धाकटा भाऊ आला.

आता ताईंचा पक्का दात बसलाय. देखणा आहे, हे मान्य करावं लागतं. मी त्यांच्या पिशवीत, डबीत असतो. मित्रांनो, आम्ही निसटून फुटू नये म्हणून धुताना खाली पाण्याचं भांडं ठेवा, गरम पाण्यात बुडवू नका, आणि जेवताना कागदात तर मुळीच गुंडाळू नका. माझे कितीतरी भाऊबंद तसेच कचऱ्यात गेले. एखादी नवी मुलगी तोंडावर हात धरून मैदानात आली, की माझी डबी उघडते.

म्हणून ताई मला अजूनही धुतात. दार उघडं ठेवून.