सोनं चढलेली पानं

नोंगखेमच्या वेशीवरचं वारूळ पुरुषभर उंच होतं. त्याला रंगीबेरंगी कापडं गुंडाळलेली, पायथ्याशी लाल सरबताच्या उघड्या बाटल्या, आणि वारुळात राहणाऱ्या देवाला, म्हणजे आजोबांना, पिताना त्रास नको म्हणून प्रत्येक बाटलीत एक नळी खोचलेली. त्या सकाळी तिथे मुंगीला शिरायला जागा नव्हती. पूर्वी लोक लॉटरीचा आकडा विचारायला यायचे. सरकारने घरी गांजा लावायची मोकळीक दिली आणि तेच लोक माती न्यायला येऊ लागले.

मधोमध खामला बसला होता; लोक त्याला आचान, म्हणजे गुरुजी, म्हणत. पांढरे कपडे, गळ्यात ताईतांचं ओझं, तोंडात सुपारी. वाडग्यातल्या मातीवर त्याने पितळी भांड्यातलं मंतरलेलं पाणी ओतलं. माती फसफसून वर आली आणि शेदीडशे हात एकदम जोडले गेले.

"आजोबा बोलले," आचान म्हणाला. "दुकानातून नारळाचा भुसा आणाल, खत आणाल, पण त्यात जीव आहे का? ही माती जिवंत आहे. हिच्यात झाड लावा. पानं पिवळी पडतील. घाबरायचं नाही. बुद्धाच्या मूर्तीला आपण सोन्याचा वर्ख लावतो ना? तुमचं झाड स्वतःच वर्ख चढवून घेतं. त्या झाडाचं तेल रोग मुळासकट उपटतं. माझंच बघा, सोनं जिरवून कसं हिरवंगार उभं आहे."

शेजारी लाल कापडात गुंडाळलेल्या कुंडीत त्याचं झाड डोलत होतं. पानं तळहाताएवढी.

बाजूच्या शेवयांच्या गाडीवर मालिवान बसली होती. ती गावच्या आरोग्य केंद्रातली डॉक्टर. समोरचा वाडगा निवत चालला होता. लोकांनी वारुळाला हात जोडावेत, सरबत पाजावं, तिचं काही म्हणणं नव्हतं. तिला किळस आली होती ती कालपासून, गावातल्या लमायच्या घरून आल्यापासून.

लमायने तिला मोठ्या हौसेने अंगणात नेऊन रोपं दाखवली होती. पानं पिवळीधमक, फक्त शिरा हिरव्या. मग आत नेऊन आपली आई, म्हणजे बुआला आजी, दाखवली. आजीच्या यकृतात गाठ होती हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. आता तिचे डोळेही पिवळे झाले होते, कातडीही पिवळी, आणि खाजवून खाजवून दंड रक्ताळले होते. लमायचा चेहरा उजळलेला होता. "आईवरही सोनं चढलंय, डॉक्टरबाई. आचान स्वतः बघून गेले."

मालिवानने परोपरीने सांगितलं. गाठीमुळे पित्ताची वाट बुजली आहे, जिल्ह्याच्या इस्पितळात नळी घालून ती मोकळी करतात, आजच न्यायला हवं. गांजाच्या तेलाने फार तर झोप लागेल, गाठ विरघळणार नाही. लमायने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. वेळेआधी हलवलं तर वर्ख उतरेल, असं आचानने बजावलं होतं. इस्पितळाच्या गोळ्याही त्याने बंद करवल्या होत्या. आणि आज तीच लमाय पहिल्या रांगेत बसून मातीचं दुसरं पोतं मागत होती.

आचानने पुन्हा भांडं हलवलं. पाण्याला मोगऱ्याचा वास येत होता आणि त्याच्याखाली काहीतरी आंबट. मालिवानला तो वास ओळखीचा वाटला, कारण तो तिच्या नाकासमोरच होता. शेवयांवर घालायच्या, मिरच्या टाकलेल्या व्हिनेगरची बाटली उचलून ती तडक गर्दीत शिरली.

"आचान, थोडी माती द्या. मलाही आजोबांशी बोलायचंय."

नाही म्हणायची सोय नव्हती. तिने मातीवर मिरच्यांसकट व्हिनेगर ओतलं. माती तितकीच फसफसली.

"मंत्र म्हटला नाही मी," मालिवान म्हणाली. "चुनखडीवर आंबट पडलं की ती फसफसते. वारुळात थोडी असतेच, यांनी वर आणखी मिसळली आहे."

मागून एक म्हातारा तडकला. त्याचे वाडवडील भातशेतात वारुळाचीच माती टाकत आले होते, मग ती वाईट कशी?

"मामा, रेताड शेतात पसरता तेव्हा ती गुणाचीच. पण कुंडीत नुसती तीच भरली तर चिकट गोळा होतो, मुळं गुदमरतात. गांजाला हवी भुसभुशीत, किंचित आंबट माती. चुनखडीत झाडाला लोह उचलता येत नाही. ती पानं उपाशी आहेत, म्हणून पिवळी."

"मग यांचं झाड हिरवं कसं?" हे लमायने विचारलं.

"कुंडीत हात घाल, ताई."

आचान कुंडीसमोर आडवा आला. आजोबांना विटाळ होईल, हात झडेल, घरावर संकट येईल, असं बरंच बडबडला. लमाय थबकली. मग तिने मनगटापर्यंत हात खुपसला. वरच्या बोटभर थरानंतर वारुळाची माती संपली. खाली होता विलायती शिरीषाचा कुजलेला काळाभोर पाला आणि भाताच्या तुसाचा कोळसा, कुठल्याही रोपवाटिकेत मिळतो तसा. बारीक पानं तिच्या ओल्या तळव्याला चिकटून वर आली.

"आजोबांनी बदलली असेल," आचान म्हणाला. कोणी हसलं नाही. एकाने त्याला घातलेला झेंडूचा हार काढून घेतला.

लमाय हाताकडे बघत राहिली. "मग आईचं पिवळं?"

"तेही सोनं नव्हे, ताई. तिचं पित्त अंगात भिनतंय."

दुपारच्या आत बुआला आजी इस्पितळात होती. नळी घातली, खाज थांबली, डोळे हळूहळू निवळले. गाठ तशीच राहिली, ती जाणारच नव्हती. पण वेळेवर आणलं असतं तर ते खाजवणं, ते रक्त, तेवढं तरी टळलं असतं, असं तिथल्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. लमाय रडू लागली तेव्हा आजीने तिचा हात धरला.

"मला कळत होतं ग, हे सोनं नव्हे म्हणून. सोन्याला कधी खाज सुटते का? पण तू इतकी आनंदात होतीस, माझ्याच्याने बोलवलं नाही."

आचान एव्हाना दुसऱ्या गावच्या वारुळापाशी बसला असेल. नोंगखेमच्या वारुळापाशी आता लमाय बसते, व्हिनेगरची बाटली घेऊन. कोणी पोतं घेऊन आलं की ती सांगते, "हात जोडायचेत तर खुशाल जोडा. पण ओली माती आधी मुठीत दाबा आणि बोट लावा. फुटली नाही तर झाडाला नको. यातले दोन थेंब टाकल्यावर फसफसली तरी नको. आणि घरातलं माणूस पिवळं दिसलं तर कोणाला विचारत बसू नका, आधी इस्पितळात न्या. मी विचारत बसले होते."