शोकेसमधलं तेल

आमच्या सासूबाईंच्या शोकेसला हात लावायचा तर घरात निदान कुणाचं लग्न तरी निघायला हवं. काचेचे सहा पेले, माझ्या नवऱ्याची शाळेतली ढाल, बुद्धाची पांढरी मूर्ती, आणि मूर्तीशेजारी ऑलिव्ह तेलाची एक उंच, पारदर्शक काचेची बाटली. ती माझा धाकटा दीर बुद्धभूषण यानं आणली. तो स्पेनमध्ये शिकतो. दोन वर्षांपूर्वी आला तेव्हा बाटली आईच्या हातात देऊन म्हणाला, "आई, रोज खात जा." आत्यांनी ती त्याच दिवशी शोकेसमध्ये ठेवली आणि दर रविवारी पुसायला लागल्या. आमच्याकडं सासूला आत्या म्हणतात आणि सासऱ्याला मामा.

गारखेड्यातल्या आमच्या फ्लॅटचा हॉल पश्चिमेला आहे. दुपारी तीननंतर ऊन थेट त्या बाटलीवर यायचं आणि तेल चमकायला लागायचं. आलेला माणूस विचारायचा, हे काय? आत्या सांगायच्या, लेकानं आणलंय. बाटलीचं झाकण मात्र कुणी उघडलं नाही.

जानेवारीत मामांच्या छातीत कळ आली. स्टेंट टाकला, माणूस घरी आला. डॉक्टरांनी नीट समजावलं होतं, तेल बंद करू नका, कमी करा, दिवसाला तीन चमचे मोजून घ्या. आत्यांनी त्यातलं निम्मंच ऐकलं. शेजारच्या खाटेवरच्या बाईनं त्यांना सांगितलं होतं की तेल म्हणजे विष. झालं. करडईच्या तेलाचा डबा वरच्या फळीवर गेला. मी शाळेत शिकवते, माझा नवरा इंद्रजीत वाळूजला कंपनीत जातो, आमच्या दोघांच्या डब्यापुरता तो खाली यायचा. मामांची भाजी वेगळ्या पातेल्यात, पाण्यात शिजलेली. चटणी कोरडी, भाकरी कोरडी.

आणि मामा कोण, तर फुलंब्रीच्या लाकडी घाण्यावर एकतीस वर्षं काम केलेला माणूस. त्यांच्या जेवणाची एक रीत होती. ताटात जवसाची चटणी घ्यायची, बोटानं तिच्यात आळं करायचं, आळ्यात कच्चं तेल सोडायचं आणि मग भाकरी मोडायची. आता ते चतकोर भाकरी कशीबशी खायचे आणि ताट सरकवायचे. सात आठवड्यांत सात किलो वजन गेलं. पट्ट्याला इंद्रजीतनं दोन नवी भोकं पाडून दिली. मार्चमध्ये तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टर रागावले. "काका, हृदय ठीक आहे, पण अंगात ताकद कुठंय? असंच चाललं तर परत ॲडमिट करावं लागेल. ऑलिव्ह खा, करडई खा, पण जेवा." मी आत्यांकडं पाहिलं. त्या मनगटावरून घसरलेल्या बांगड्या वर सारत होत्या. काळजीनं वाळल्यात, असं मी मनात म्हटलं आणि विषय सोडून दिला.

त्या संध्याकाळी आत्या स्टुलावर चढल्या आणि त्यांनी शोकेसमधली बाटली खाली काढली. माझा तर डोळ्यांवर विश्वास बसेना. त्या तेलात त्यांनी मेथी परतली. मामांनी पहिला घास तोंडात घातला आणि त्यांचा जबडा क्षणभर थांबला. घास गिळून ते म्हणाले, "चांगलं हाय." आणि हात धुवायला उठले. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच.

माझा पारा चढला. मला चढायला वेळ लागत नाही, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. "आत्या, नाकापेक्षा मोती जड झालाय," मी म्हणाले. "परदेशी तेल आपल्या जिभेला मानवत नाही. एक तर कोरडं घालता, नाहीतर हे. माणूस खाणार काय?" आत्या उलट बोलणाऱ्यातल्या आहेत, पण त्या दिवशी ताटं उचलून आत गेल्या. मला वाटलं, मी जिंकले.

रविवारी सकाळी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले तर मामा ओट्यापाशी उभे. बाटली उघडी. तळहातावर दोन थेंब घेऊन ते अंगठ्यानं चोळत होते आणि डोळे मिटून हुंगत होते. मला पाहून त्यांनी हात पाठीमागं नेला.

"मामा, काय ते स्पष्ट सांगा."

त्यांनी हॉलकडं पाहिलं. आत्या गच्चीवर कपडे वाळत घालायला गेल्या होत्या. तरी ते हळूच बोलले. "खवट झालंय, मेघा. दोन वर्सं ऊन खाल्लंय यानं. करडई असती तर कवाच मेली असती, यानं लई दम काढला."

"मग तीन दिवस 'चांगलं हाय' कशाला म्हणत होता?"

"पोरानं एवढ्या लांबून आणलं. तिनं दर आयतवारी पुसलं. कोणत्या तोंडानं सांगू, खवट हाय म्हणून?"

मी कपाळावर हात मारला. या घरात सगळ्यांचा एकमेकांवर जीव आणि त्यापायी माणूस उपाशी. मी म्हणाले, "चपला घाला."

स्कूटीवर मागं बसवून मी त्यांना जालना रोडवरच्या मोठ्या दुकानात नेलं. तेलांच्या रांगेसमोर उभे राहिले आणि सात आठवड्यांत पहिल्यांदा मामांची पाठ सरळ झाली. तिथं सुरेखा नावाची मुलगी कामाला होती, तिच्या छातीवर नाव लावलेलं होतं. मामांनी तिलाच धरलं.

"एक्स्ट्रा व्हर्जिन म्हंजे काय गं बाई?"

"फळ नुसतं दाबून काढलेलं, काका. गरम न करता."

"म्हंजे आमच्या घाण्यावरचं पहिलं तेल. आन् हे पोमेस?"

"फळ पिळून झालं की चोथा उरतो ना, त्यातून काढतात."

"पेंडीचं," मामा म्हणाले आणि तो डबा त्यांनी जागेवर ठेवला. "आन् ह्याच्यावर नुसतंच ऑलिव्ह ऑइल लिवलंय?"

"ते शुद्ध केलेलं असतं, त्यात थोडं पहिलं मिसळतात. वास कमी असतो. लोक भाजीला, फोडणीला नेतात."

मामांनी मान हलवली. "वास कमीच पायजे आसंल तर आपली करडई काय वाईट? फोडणी तिची. हे वरून घ्यायला."

मग त्यांनी पारदर्शक काचेच्या सगळ्या बाटल्या बाद केल्या. काळपट हिरव्या काचेच्या पाहिल्या, त्यातही पुढच्या रांगेतल्या ट्यूबलाइटखाली होत्या म्हणून हात लांब करून मागची काढली. मला अक्षरं वाचायला लावलं. 'या तारखेपर्यंत वापरा' हे त्यांना नको होतं. "ते दुकानदाराला पायजे. तोडा कवाचा, ते बघ." एकाच बाटलीवर फळं तोडल्याचा महिना छापलेला होता, गेल्या वर्षीचा नोव्हेंबर. मी मोठी बाटली उचलली तर म्हणाले, "ल्हान घे. उघडली की महिन्यात संपली पायजे. तेल काय ठेवायची वस्तू हाय व्हय?" सुरेखा हसली. तिनं विचारलं, काका, तुमचं दुकान आहे का? मामा म्हणाले, "नाय बाई. पण नाक हाय."

घरी आलो तर आत्या ओट्याजवळ उभ्या होत्या. जुन्या बाटलीचं झाकण त्यांच्या हातात होतं. त्यांनी वास घेतला होता, चेहऱ्यावरून कळत होतं. मामाच पुढं झाले. "तेल चांगलंच व्हतं, चंपा. भूषणनं चांगलंच आणलं व्हतं. आपणच त्याला उन्हात बसवलं." आत्यांनी झाकण लावलं. "आधी का नाय सांगितलं?" एवढंच त्या म्हणाल्या आणि भाकरीचं पीठ मळायला घेतलं.

सगळे जेवायला बसलो. मामांनी चटणीत आळं केलं. मी नवी बाटली उघडून चमच्यानं मोजून तेल सोडलं. त्यांनी भाकरी मोडली, आळ्यात बुडवली, तोंडात घातली आणि जोराचा ठसका लागला. डोळ्यांत पाणी. इंद्रजीत ताडकन उठला, मी पाण्याचा तांब्या उचलला. स्टेंट टाकलेला माणूस तो. मामांनी हातानंच सगळ्यांना खाली बसवलं.

"काय नाय, काय नाय. घशाला झोंबलं. जितं तेल हाय हे. करडई आशी झोंबत नाय, ह्याची जातच येगळी दिसती." आणि त्यांनी दुसरा घास केला.

मी इतकी खूश झाले की बाटली घेऊन झाकण लावायला निघाले. मामांनी माझं मनगट धरलं.

"थांब. हिला वाढ आधी."

"मला कशाला?" आत्या म्हणाल्या. "मला काय झालंय?"

"सात हप्ते माझ्यासंग कोरडं खाती. मला दिसत नाय व्हय? तू त्यो सुका घास पाण्यासंग ढकलायचीस, मंग माझ्या घशाखाली कसा उतरंल?"

मी आत्यांच्या हातांकडं पाहिलं. बांगड्या कोपराकडं सरकल्या होत्या. दोन पातेली रोज माझ्या डोळ्यांदेखत शिजत होती. एक आमचं तेलातलं, एक पाण्यातलं. आत्या कोणत्या पातेल्यातलं वाढून घेतात, हे मी एकदाही पाहिलं नव्हतं. वर त्यांनाच चार शब्द सुनावले होते. मला माझीच लाज वाटली, आणि ती मी त्यांना सांगितलीसुद्धा. "आत्या, चुकलं माझं." त्या म्हणाल्या, "गप जेव."

त्यांच्या चटणीचा ढीग तसाच गोल होता. त्यांनी मामांकडं पाहिलं नाही, कुणाकडंच पाहिलं नाही. बोटानं हळूच आळं केलं. मामांनी माझ्या हातातून चमचा घेतला आणि स्वतः तेल सोडलं, अगदी काठापर्यंत. आत्यांनी घास खाल्ला. त्यांनाही ठसका लागला. मग मामांना परत लागला, आणि दोघं म्हातारे एकमेकांच्या पाठीवर थापटत हसत सुटले.

मामांनी आख्खी भाकरी संपवली आणि बोटानं ताट पुसलं. आत्यांनी टोपल्यात पाहिलं. टोपलं रिकामं होतं.

"मेघा," त्या म्हणाल्या, "तवा ठेव परत. आजून दोन भाकरी लागत्याल."