इंदूबाईच्या झाडाखालची आग

हापशीवर बायका खोकत होत्या आणि खोकता खोकता मेलेल्या इंदूबाईला शिव्या घालत होत्या. टेकडीवरचा वणवा विझून आठ दिवस झाले, तरी धूर गावातून हलायला तयार नव्हता. पडलेली झाडं आतल्या आत धुमसत होती. सकाळी वारं पडलं की धूर घरांवर बसायचा, दुपारी जरा वर उचलायचा, आणि आता गेला म्हणावं तोवर वारं फिरून त्याला परत आणायचं. दुधाला वास, भाकरीला वास, लेकरांच्या केसांना वास. मेलेल्या माणसाला इतकं बोलू नये एवढी अक्कल आमच्या गावाला आहे, पण गुरांचा चारा जळाल्यावर ती कुठे राहते?

आमचं गाव हिंगण्याच्या पलीकडे, जंगलाला लागून. जंगल सरकारचं, पण मोहाची एकदोन झाडं एकेका घराच्या वाट्याची. फुलं वेचताना दिसावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळतात. आधी भोवतीची जागा झाडून घ्यायची, मगच काडी लावायची, ही जुनी रीत. वणवा इंदूबाईच्या झाडाखालून सुरू झाला हे जंगलाच्या गार्डानं राखेवरून दाखवलं. मग काय विचारता! बाईनं जंगल पेटवलं आणि त्यातच मेली, असा निकाल गावानं देऊन टाकला.

खरं एकट्या मनोहररावाला ठाऊक होतं. इंदूबाई त्याची शेजारीण, साठी उलटलेली विधवा, गुडघ्यांनी वाकणं होत नसे. म्हणून वणव्याच्या आदल्या संध्याकाळी आपलं झाड आटोपल्यावर त्यानं तिच्याही झाडाखालचं काम केलं, तिला न सांगता. त्याच्या पोराच्या, सुशीलच्या मोबाईलवर हवामानाचा निरोप आला होता. वारं शांत राहील, उद्या दुपारनंतर फिरेल. त्या भरवशावर त्यानं भोवतीची जागा झाडायचा कंटाळा केला आणि पाचोळा होता तसाच पेटवला. विझल्यासारखं दिसलं तसा घरी आला. वारं दुपारपर्यंत थांबलं नाही, पहाटेच फिरलं. इंदूबाई तेव्हा टोपली घेऊन वरच्या अंगाच्या आपल्या दुसऱ्या झाडाखाली बसली होती. धुरात तिला वाट सापडली नाही.

हंगामात रोज पहाटे ती कुंपणाशी उभी राहून हाक मारायची, ‘येतं का गा, मनोहर?’ आता धूर अंगणात उतरला की मनोहररावाला तीच हाक ऐकू यायची. तो उठायचा, टोपली घ्यायचा आणि कुंपणाशी जाऊन धुराकडे बघत राहायचा. सुशीलनं त्याला दोनदा तिथून परत आणलं. बोलून टाकावं असं त्याला रोज वाटे, आणि रोज त्याची जीभ उचलत नसे. भित्रा होता तो, यात झाकण्यासारखं काही नाही.

दहाव्याला नदीवर सगळा गाव जमला, गार्डही आला. इंदूबाईला एकच लेक, मयुरा. हिंगण्याला दिलेली. पिंड मांडून तास झाला, पण कावळा येईना. जाणत्यांनी हात जोडून लेकीला अंतर देणार नाही असं सांगितलं, झाडं तिच्याच नावानं राहतील असं सांगितलं. काही उपयोग झाला नाही. शेवटी मयुरा गावाकडे वळली आणि पदर पसरून म्हणाली, माझ्या आईच्या हातून चूक झाली, तिला माफ करा.

ते मात्र मनोहररावाला सोसलं नाही. तो पुढे आला.

“तुह्या मायनं नाही वं, मयुरा. आग मी लावली. तिले वाकता येत नव्हतं म्हनून मी तिचं झाड केलं, अन् जागा न झाडताच काडी लावली.”

मग गार्डानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

“मनोहरराव, मेल्या मानसावर केस होत नाही. तुमी काहून आंगावर घेता?”

“खरं सांगून राहिलो, बापा.”

तेवढ्यात धुरातून एक कावळा उतरला आणि पिंडाला चोच मारून गेला. सगळ्यांचे हात आपोआप जोडले गेले. मयुरानं मनोहररावाच्या पायांवर डोकं टेकलं.

“काका, सख्खा भाऊबी मायसाठी एवढं खोटं बोलला नसता.”

तो पाय मागे घेत राहिला, तेच तेच सांगत राहिला. लोकांच्या डोळ्यांत पाणी येत राहिलं. सुशील त्याला दंडाला धरून घराकडे घेऊन निघाला.

परतताना इंदूबाईला कोणी शिवी दिली नाही. जंगल तिनंच जाळलं, पण शेजारी देवमाणूस भेटला, असं बायका एकमेकींना सांगत होत्या.