दोन चिंध्यांचा टोप

मित्रांनो, मी एक जुना तांब्याचा टोप आहे. जुना म्हणालो म्हणून लगेच मोडीत काढू नका हं! माझं बूड अजून शाबूत आहे, कड्या घट्ट आहेत आणि पोटात गोष्टी तर इतक्या आहेत की झाकण ठेवायला जागा नाही. त्यातली एक आज सांगतोच. सांगताना मी थोडा उतू जाईन, तेवढं सांभाळून घ्या.

माझा जन्म अलेप्पोच्या तांबट आळीत झाला. हातोड्याचे किती घाव खाल्ले, याचा हिशेब नाही. माझ्या शेजारीच माझा जुळा भाऊ घडत होता. अगदी तोच आकार, तेच कान. फरक एवढाच की माझ्या पोटाला एक पोचा पडला. तांबट म्हणाला, "राहू दे, ओळख राहील." मी फरहाच्या लग्नात तिच्याबरोबर यरुशलेमला आलो. आणि नशीब बघा, दोन वर्षांनी त्याच अंगणात, विहिरीपलीकडच्या खोलीत, सरीना राहायला आली आणि तिच्याबरोबर कोण आला? माझा जुळा भाऊ! मला इतका आनंद झाला की झाकण वाजलं.

आमचं काम शुक्रवारचं. आमची घरं यहुद्यांची. शब्बाथला, म्हणजे शुक्रवार संध्याकाळपासून शनिवार संध्याकाळपर्यंतच्या विश्रांतीच्या दिवशी, चूल पेटवायची नाही, मग शनिवारी दुपारी गरम जेवायचं कसं? म्हणून शुक्रवारी दुपारी गल्लीतल्या सगळ्या बायका आपापले टोप भरायच्या, झाकणाला कणीक लावून वाफ कोंडायच्या आणि गल्लीतल्या भटाऱ्याच्या, बेखोरच्या, भट्टीत ठेवून यायच्या. बेखोर भट्टीचं तोंड मातीनं लिंपून टाकायचा. शनिवारी प्रार्थना संपली की ते फोडायचं आणि ज्याचा टोप त्यानं न्यायचा. ओळखीसाठी कडीला चिंधी बांधलेली असायची. माझी तांबडी, माझ्या भावाची निळी. फरहा माझ्यात गहू, हरभरे, मांस आणि अख्खी अंडी घालायची. शनिवारी तिनं माझं झाकण उघडलं की सगळं अंगण नाक वर करायचं. "फरहा, तुझ्या हाताला काय लावलंय गं?" असं लोक म्हणायचे. हाताला! टोपाचं नाव कुणी घेत नव्हतं. असो.

तर एका शनिवारी फरहाकडे पाहुणे यायचे होते. तिच्या मुलीला, जमीलाला बघायला. फरहानं माझ्यात दुप्पट मांस घातलं. आणि मित्रांनो, भट्टीत त्या दिवशी मला निखाऱ्याच्या अगदी जवळ जागा मिळाली आणि माझी तांबडी चिंधी जळून गेली! माझ्या भावाचीही गेली. सकाळी बेखोरनं दोन सारखे बिनचिंधीचे टोप बघितले, डोकं खाजवलं आणि मला दिलं सरीनाच्या हातात. मी ओरडत होतो, "अरे, चुकलास! पोचा बघ, पोचा!" पण टोपाचं कोण ऐकतं?

सरीनाचा नवरा रहमो बांधकामाच्या परांचीवरून पडून पाय मोडल्यापासून दोन महिने घरी होता. त्यांच्या टोपात पांढऱ्या शेंगांच्या बिया आणि एक हाडूक, बस्स. तेच फरहाच्या पाहुण्यांसमोर उघडलं गेलं. मुलाच्या आईनं हाडकाकडे पाहिलं, मग फरहाकडे पाहिलं. आणि त्याच क्षणी भिंतीपलीकडून सरीनाच्या पोरांचा आवाज आला, "आई, मांस! आई, अंडी!" फरहा लाजेनं पाणी पाणी झाली. पाहुण्यांसमोर उठून शेजारणीच्या दारात टोप मागायला जाणार कशी? पाहुणे गेले आणि परत काही आले नाहीत.

रविवारी सरीनानं मला लखलखीत घासून परत आणून दिलं. आत एक डाळिंब होतं.  पाणावलेल्या डोळ्यांनी नुसती हसली आणि निघून गेली. फरहानं डाळिंब उचललं आणि दात-ओठ खाल्ले. "बघितलंस का रे?" हे मला बरं का! "माझं खाल्लं, माझ्या पोरीचं स्थळ घालवलं आणि वर डाळिंब ठेवून हिणवते!"

तेव्हापासून सहा आठवडे माझी जी काय दशा झाली! फरहा मला घासायला घ्यायची आणि राखेच्या प्रत्येक हाताला एक शिवी. "चोरटी! साळसूद! गोडबोली!" माझी कल्हई निघायला आली. आणि सरीना अंगणात दिसली की हीच फरहा चेहऱ्यावर साखर पेरायची, "कशी आहेस गं सरीना? रहमोला आराम आहे ना?" मित्रांनो, मला वाफ कोंडायची सवय आहे, पण एवढी कोंडलेली वाफ मी कधी पाहिली नव्हती.

आणि मग त्या वाफेचा चटका दुसऱ्यालाच बसायची वेळ आली. फरहाचा भाऊ शाऊल दगडाच्या कारखान्यावर मुकादम होता. त्याला दगड मोजून घ्यायला एका जागी बसून काम करणारा माणूस हवा होता. त्यानं येऊन विचारलं, "तुझ्या अंगणातला तो रहमो कसा आहे गं?" फरहा हात पुसत म्हणाली, "मला काय ठाऊक? मी कुणाच्या घरात डोकावत नाही." बस्स, एवढंच. खोटं नाही बोलली. पण शाऊलनं मान हलवली आणि शुक्रवारी दुसऱ्या कुणालातरी सांगतो म्हणाला. दोनच दिवसांत कळलं, रविवारी सरीना बिऱ्हाड उचलणार. हैफा बंदरावर रहमोचा चुलतभाऊ आहे, तिथं काहीतरी बघणार. मोडका पाय घेऊन बंदरावर हमाली!

शुक्रवार उजाडला. फरहा मला घासत होती आणि पुटपुटत होती, "जा म्हणावं, सुंठीवाचून खोकला गेला." तिचे सासरे, म्हातारे मुराद, दारात खुर्ची टाकून बसले होते. नजर गेलेली, पण कान असे की मुंगीचं पाऊल ऐकावं.

"सुनबाई, टोपाशी कोण भांडतंय?"

"कुणी नाही मामंजी."

"सहा आठवडे ऐकतोय मी. आपल्या धर्मात काय सांगितलंय? मनातल्या मनात कुणाचा द्वेष करायचा नाही."

फरहा चमकली. पण वकिली कमी नव्हती तिच्यात. "मी कुठं द्वेष करते? तीन दिवस अबोला धरला तर तो वैरी, असंच शास्त्र सांगतं ना? मी दिवसातनं चारदा बोलते तिच्याशी!"

"अगं, तेच तर!" म्हाताऱ्यानं काठी आपटली. "अबोला धरला असतास तर तिला कळलं तरी असतं. तू गोड बोललीस, तिनं काय करावं? राग आलाय ना? मग जा आणि तोंडावर सांग. राग येणं हा गुन्हा नाही, तो मुरवत ठेवणं हा आहे."

"आत्ता?"

"नाही, ती हैफाला गेल्यावर! जा! आणि ऐक, एकटीला गाठून बोल. चारचौघांत तिची मान खाली गेली तर ते पाप आणखी वेगळं."

फरहा तरातरा निघाली. मला खाली ठेवायचंही तिला भान राहिलं नाही! काखेत मी, माझ्यावर ओली राख. माझं काळीज, म्हणजे टोपाला असतं ते जे काय, धडधडत होतं.

सरीना एकटीच गाठोडी बांधत होती.

"सरीना, मला तुझ्याशी भांडायचंय."

"भांड की. आधी बस तरी."

"बसून मला भांडता येत नाही! सहा आठवड्यांपूर्वी माझा टोप तू का ठेवून घेतलास?"

सरीनानं माझ्याकडे बघितलं, पोच्यावरून बोट फिरवलं आणि तिचे डोळे भरून आले. "शेवटी तूच विषय काढलास. मी ठरवलं होतं, तू लपवून दिलंस ना, मग मीही मरेपर्यंत लपवूनच ठेवायचं."

"काय लपवून दिलं?"

"अगं, आपल्यात द्यायचं असतं ते असंच ना? घेणाऱ्याला कळू नये कोण देतंय, त्याची मान खाली जाऊ नये. तू चिंधी काढून टाकलीस, बेखोरच्या माथी चूक मारलीस आणि पाहुण्यांच्या दिवशी स्वतः हाडूक चघळत बसलीस! त्या दिवशी रहमो पोटभर जेवला. मी दर शुक्रवारी शब्बाथचे दिवे लावताना आधी तुझ्या जमीलाचं नाव घेते, मग माझ्या पोरांचं."

बाप रे! फरहाचा चेहरा असा झाला की तो मी आजही विसरलेलो नाही. एक 'हो' म्हणायचा अवकाश, पुण्य आयतं पदरात पडत होतं. भांडण मिटलं असतं, अब्रू राहिली असती. मी श्वास रोखून धरला.

"मी दिलं नव्हतं," फरहा म्हणाली. "चूकच झाली होती. आणि मला वाटलं तू चोरलंस. सहा आठवडे मी तुझा द्वेष केला, सरीना."

सरीनाचा चेहरा लाल झाला. अर्धं बांधलेलं गाठोडं तिनं हातात उचललं. मग हळू आवाजात म्हणाली, "म्हणजे तू रोज रहमोची विचारपूस करायचीस, ती?"

"खोटी."

"माझ्या डोक्यावरचा रुमाल छान दिसतो म्हणालीस?"

"तेही खोटं."

"आणि डाळिंब?"

"मला वाटलं हिणवतेस."

"अगं बये, घरातलं शेवटचं डाळिंब होतं ते!"

"अजून एक सांगायचंय," फरहा रडत म्हणाली. शाऊलनं काय विचारलं आणि आपण काय उत्तर दिलं, ते तिनं सांगून टाकलं.

आता मात्र सरीना भडकली! हातातलं गाठोडं तिनं असं फेकलं की उशा बाहेर आल्या. "माझ्या नवऱ्याची भाकरी? एका टोपापायी? आणि रडतेस काय इथं! माफी नंतर माग, आधी भावाकडे पळ! दुपारी फाटक लागतं त्याचं!"

"माझा टोप अजून भरायचाय—"

"मी बघते टोपाचं! पळ!"

फरहा चपला न घालताच पळाली. आणि इकडे सरीना एकटी, टोप दोन, बेखोर माती कालवायला बसलेला! तिनं माझी राख धुतली, फरहाच्या घरातून भिजवलेले गहू आणि मांस आणलं, माझ्यात ओतलं, वर आपल्या बिया टाकल्या, हाडूक टाकलं, कणीक थापली आणि मला डोक्यावर घेऊन धावली.

"हा कुणाचा?" बेखोर म्हणाला.

"दोघींचा."

"दोघींचा कसा? चिंधी कुठली बांधू?"

"दोन कड्या आहेत, दोन बांध! आणि तारेनं बांध मेल्या, एकदा जाळून झालंय तेवढं पुरे!"

शब्बाथचा भोंगा वाजायच्या बेतात फरहा धापा टाकत अंगणात आली. शाऊल फाटकाला कुलूप लावत असताना तिनं त्याला गाठलं होतं. "माणूस सरळ आहे, वाकडी मीच होते," असं भर रस्त्यात सांगितलं होतं. रविवारी रहमोला बोलावलं होतं.

"मला माफ केलंस का?" तिनं विचारलं.

"नाही," सरीना म्हणाली. "आज नाही. आज मला तुझा भयंकर राग आलाय, आणि तो मी तुला तोंडावर सांगतेय."

म्हातारे मुराद खुर्चीवर बसून हसले. का हसले, ते मला शनिवारी समजलं. दोन्ही घरं एका सतरंजीवर बसली, माझ्या झाकणाची कणीक फुटली आणि पहिला घास घेऊन सरीना सगळ्यांत आधी बोलली, "मीठ कमी आहे, फरहा." फरहा म्हणाली, "बिया तुझ्या कच्च्या आहेत." आणि दोघी अशा हसल्या की मीही आतून घुमलो.

गाठोडी सुटली. माफी कधी झाली, ते मला कळलं नाही, बहुतेक दोन-तीन आठवड्यांनी. जमीलाचं लग्न पुढच्या वर्षी दुसरीकडे झालं, आणि त्या आधीच्या मुलाच्या आईपेक्षा ही सासू पुष्कळ बरी निघाली.

पुढे घरोघर विजेच्या शेगड्या आल्या. बेखोरची भट्टी बंद पडली. माझा जुळा भाऊ कुठं गेला, ते मला ठाऊक नाही, आणि त्याची आठवण आली की बूड थंड पडतं. मी आता जमीलाच्या नातीकडे फळीवर असतो. माझ्यात कांदे ठेवतात. वर्षानुवर्षं कल्हई नाही. पण दोन्ही कड्यांना ती तार अजून आहे.

म्हणून मित्रांनो, एक विनंती आहे. तुमच्या घरात माझ्यासारखा कुणी म्हातारा असेल तर त्याला मोडीत देऊ नका. त्याला राखेनं घासा, कल्हई करा, त्यात शिजवा. आणि घासताना कुणाचं नाव दात-ओठ खात ओठांवर आलंच, तर मला तसाच राखेचा खाली ठेवा आणि जाऊन तिचं दार वाजवा. मी थांबतो. फारच घाई असेल तर काखेत मारून मलाही न्या.