यंत्राची ओळखफेरी

सभागृहात खुर्च्या एकशे वीस, माणसं दोनशेच्या वर, कुबड्या एकतीस, व्हीलचेअर नऊ. आणि चालायला मदत करणारं यंत्र एकच: कमरेला पट्टा, दोन्ही मांड्यांवर मोटारी. ते मिरवणारा स्वतःला चालगुरू म्हणवून घेत होता.

"तुमच्या जन्मवेळेवरून मी यंत्राला तुमची चाल शिकवतो," तो म्हणाला. "पण आधी ओळखफेरी. यंत्र मौन पाळेल, तुम्ही चाला."

पुढच्या रांगेतली फिजिओथेरपिस्ट दातओठ खात होती, कारण चालणारे तिचे वडील होते. अण्णा शिंपी. अर्धांगवायूनंतर डावा पाय ओढायचे. तिच्या व्यायामाने घोटा जरा सुटला, तोच यंत्रासाठी नाव नोंदवताना गुरूने फर्मान काढलं: पायाला दुसऱ्या कुणाचा हात लागला की यंत्र गोंधळतं. अण्णांनी व्यायाम सोडला. घोटा पुन्हा लाकूड होत चालला होता.

ओळखफेरीत अण्णा घामाघूम झाले. गुरू काहीतरी पुटपुटला, मोबाइलवर बोट फिरवलं, मोटारी गुणगुणल्या.

"अगं, पिसासारखं वाटतंय!" अण्णा ओरडले. टाळ्यांचा कडकडाट.

ती उठली. "आता पट्टा काढून चाला."

"बाई, यंत्राचा अपमान होतो."

"यंत्राला अपमान कळतो, आणि माझ्या बापाची धाप कळत नाही?"

"चारचौघांत शोभा करू नकोस!" अण्णा कडाडले. "मी चालतोय ते बघवत नाही का तुला?"

ते वर्मी लागलं. ती लोकांकडे वळली. "सायकलच्या चाकाला डायनॅमो टेकवला की पायडल जड होतं, सोडला की हलकं. हा चमत्कार? ओळखफेरीत मोटार बंद असते. ती तुमच्याच पायांना फिरवावी लागते, वर सात किलोंचं ओझं. आधी हाच दमवतो, मग हाच सुटका करतो! अशी यंत्रं उपयोगी पडतात, पण त्या माणसाचा श्वास आणि पावलं मोजून बसवली तर. जन्मवेळ विचारून नाही. कुणीही चमत्कार दाखवला की विचारा, याच्याशिवाय किती?"

"यंत्राची विश्रांतीची वेळ झाली," म्हणत गुरू पट्टा सोडवून यंत्र न्यायला धावला. एका आजींनी व्हीलचेअर मंचाच्या पायऱ्यांपाशी आडवी लावली. "बस रे खाली. होऊ दे फेरी."

अण्णा धुसफुसले. "होऊनच जाऊ दे. हरलीस तर व्यायामाचं नाव काढायचं नाही."

"कबूल."

तिने त्यांच्या बोटाला नाडी मोजायचा चिमटा लावला: श्रम जास्त, तितके ठोके जास्त. सगळ्या फेऱ्या नव्याने झाल्या: तीच वाट, फोनच्या ठेक्यावर तीच चाल, दर फेरीआधी नाडी शांत होईपर्यंत विसावा. आकडे अण्णांनीच मोठ्याने वाचले.

यंत्र बंद: मिनिटाला १२६ ठोके. यंत्र सुरू: ११३. यंत्राशिवाय: १०४.