न उचललेलं भजन

धुरपताबाई भित्री नव्हती, पण भीती तिच्या पायाला बांधलेलीच होती. तिचं बायबलबाईचं काम म्हणजे खांद्याला पिशवी, पिशवीत शास्त्र आणि गावोगाव पायपीट. एका गावात अंगावर कुत्री सोडत, दुसऱ्यात विहिरीच्या जवळ फिरकू देत नसत. त्यात यंदा रझाकारांची धास्ती. बोरीच्या, तिच्या मूळ गावाच्या, बाजूला वस्त्या जाळल्याच्या बातम्या येत आणि सूर्य कलला की मिशनच्या आवाराचं फाटक बंद होई. पण ही सगळी भीती फाटकाबाहेरची. आत आलं की बाई पिशवी खुंटीला अडकवून निर्धास्त पाय पसरून बसायची.

गुरुवारी कोकिळा तिच्या खोलीत आली आणि भीतीही फाटकाच्या आत आली.

कोकिळा विशी ओलांडलेली, पांढऱ्या कपाळाची पोर. नवरा तापानं गेला, सासरच्यांनी हाकललं, माहेरी खायला दाणा नव्हता, म्हणून आवारात आली. मिशनच्या पाळकाच्या बंगल्यावर धुणंभांडी करायची. ती उंबऱ्याच्या आत भिंतीला टेकून बसली आणि चंद्रभान पाळक आपल्याशी काय करतो ते तिनं खाली बघत सांगितलं. थोडक्यात सांगितलं. ते शब्द इथं पुन्हा लिहायचं काही कारण नाही. एकदा घडलेलं नव्हतं, गेल्या पावसाळ्यापासून चाललं होतं. ओरडलीस तर फाटकाबाहेर काढीन म्हणायचा, आणि फाटकाबाहेर काय आहे ते आवारातल्या शेळ्यांनाही ठाऊक होतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

शेवटी धीर करून ती ख्रिस्ती मंडळीच्या पंचांकडं गेली होती. पंच कसले, पाळकाच्या ताटाखालची मांजरं. त्यांनी निवाडा केला तो असा : पोरीनं रविवारी मंडळीपुढं उभं राहून आपण खोटं बोललो म्हणून माफी मागावी आणि पुन्हा बंगल्यावर कामाला लागावं. नाहीतर फाटक उघडंच आहे.

"बाई," कोकिळा म्हणाली, "तुमाला तरी खरं वाटायलंय का?"

मिशनचा गोरा साहेब विलायतेला गेल्यापासून चंद्रभान पाळकच आवाराचा मायबाप. त्यानंच धुरपताबाईला, एका मांगाच्या विधवेला, म्हातारपणाच्या तोंडावर अक्षरओळख करून दिली होती. प्रार्थनेत त्याचा गळा दाटला की हिचाही दाटायचा. असा माणूस असं करील? मग तिनं पोरीकडं पाहिलं. खोटं बोलणारं माणूस समोरच्याच्या तोंडाकडं बघत बोलतं, पटतंय की नाही ते चाचपत. ही तर जमिनीशी बोलत होती.

"वाटायलंय," बाई म्हणाली.

"मंग आयतवारी माझ्याजवळ बसताल?"

"बसते."

बोलून गेली खरी, आणि पोर गेल्यावर स्वतःलाच विचारत बसली. कुठल्या तोंडानं कबूल केलं हे आपण? फाटकाबाहेर काढलं तर आपल्याला बोरीत कोण घेणार आहे? भाऊबंदांनी तर तिनं बाप्तिस्मा घेतला त्याच दिवशी तिच्या नावानं आंघोळ केली होती.

शनिवारी दुपारी पाळक स्वतः तिच्या खोलीत आला. चहा मागितला. बाईनं कपबशी पुढं केली. त्यानं ती हसून स्वतःच्या हातात घेतली.

"धुरपताबाई, तुमचं बोरीत आता कोण आहे?"

"कुनी न्हाई, पाळकसाहेब."

"तेच म्हणतो मी. दिवस वाईट आहेत. एकट्या बाईमाणसानं जायचं कुठं?" त्यानं फुंकर मारून एक घोट घेतला. "झाकली मूठ सव्वा लाखाची, बाई. पोर माफी मागेल, विषय संपेल. तिला बंगल्यावरचं काम नकोच असेल तर मी जबरदस्ती करणार नाही. वसतिगृहातल्या कस्तुराबाईची लेक नर्मदा आहे की त्या कामाला, नवऱ्यानं टाकलेली. तिलाही दोन घास लागतात. तुम्ही फक्त तुमचं भजन वेळेवर उचला."

भजन उचलणं हे आवारात धुरपताबाईचं काम होतं. लिंबाजी पेटी धरायचा, पण बाईचा सूर निघाल्याशिवाय कुणाचं तोंड उघडत नसे. मंडळी सारी तिच्या मागनं गायची.

जाताना पाळकानं तिच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. आजवर त्या हाताखाली तिला गुंगी यायची, इतका तो मऊ होता. त्या दिवशी आमेन होईतो ती श्वास कोंडून बसली होती. तो कोकिळेबद्दल रागानं एक शब्दही बोलला नव्हता, आणि बाईला त्याचीच जास्त भीती वाटली.

रविवारी प्रार्थनामंदिरात सतरंजीवर कोकिळा बसली आणि तिच्याजवळ बाई. एरवी गुडघ्याला गुडघा लागेल अशी दाटी. आज दोघींच्या भोवती तिसरी कुणी बसेल तर शपथ. वसतिगृहात भाकरी थापणारी कस्तुराबाई नर्मदेला घेऊन पार मागच्या भिंतीला जाऊन बसली होती. धुरपताबाई मनात म्हणत होती, देवा, पोरीला माफी मागायची बुद्धी दे. हो, तिनं हेच मागितलं. पोरीच्या बाजूला बसून तिनं स्वतःची सुटका मागितली, कारण ती माणूस होती आणि लय भ्यालेली होती.

पाळकानं नाव घेतलं. कोकिळा उभी राहिली.

"मी," ती म्हणाली. "मी माफी मागनार न्हाई. मी पंचांना जे सांगितलं ते…"

"भजन घ्या," पाळक लिंबाजीला म्हणाला. आवाज चढवला नाही त्यानं.

लिंबाजीनं भाता दाबला. पेटीतून ओळखीची चाल निघाली आणि साऱ्या माना धुरपताबाईकडं वळल्या. सवय वाईट असते. सूर आपोआप तिच्या गळ्यापर्यंत आला, ओठ उघडलेसुद्धा. आता एक ओळ गायली की मंडळी उचलून धरील, आणि त्या गलक्यात पोर काय बोलते ते कुणाच्या कानावर येणार नाही. पुन्हा फाटक, खोली, भाकरी, सगळं जागच्या जागी.

बाईनं पदराचा बोळा तोंडात धरला.

पेटी ध्रुवपदापर्यंत जाऊन परत फिरली. पुरुषांतल्या एकानं दोन शब्द म्हणून पाहिले, ते एकटेच हवेत राहिले आणि तो खाली बघायला लागला. चाल पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. पाळक धुरपताबाईकडं बघत होता. ती त्याच्याकडं बघत नव्हती, तेवढी छाती तिला नव्हतीच. ती सतरंजीवरची रेघ बघत होती आणि पदर चावत होती. लिंबाजीनं एकदा हिच्याकडं पाहिलं, एकदा पाळकाकडं, मग त्याचा हात भात्यावरून सुटला आणि पेटी गप्प झाली.

"मी खोटं बोलले न्हाई," कोकिळा त्या शांततेत म्हणाली. "त्यांनी माज्यावर जबरदस्ती केली. मी नको नको म्हनत व्हते."

एवढं बोलून ती मटकन खाली बसली.

पाळक प्रवचनाच्याच आवाजात म्हणाला, "ज्या कुणाला हिचं खरं वाटतं त्यानं हिला घेऊन बाहेर जावं. आज संध्याकाळच्या आत आवाराच्याही बाहेर."

धुरपताबाईनं उठायचं ठरवलं, पण पाय उठेनात. पोरीला आधार द्यायला आलेली ही बाई; शेवटी पोरीनंच हात धरून तिला उभं केलं. दोघी माणसांच्या मधून दारापर्यंत गेल्या. कुणी वाट अडवली नाही, कुणी तोंड वर केलं नाही.

बाहेर लिंबाखाली ऊन मी म्हणत होतं. दोघी बुंध्याशी बसल्या. फाटकाबाहेर जिंतूरकडं जाणारा रस्ता ओस पडला होता, एक बैलगाडी म्हणून नव्हती. त्या रस्त्यानं संध्याकाळी दोन बायका कुठं जाणार, याचा विचार बाईच्या मनात आला.

"बाई, आता कुठं जायाचं?"

"मला ठावं न्हाई." खोटा धीर द्यावा असं तिला वाटलं, पण तो निघाला नाही. "जिथं जाशील तिथं मी हाय संगं."

मंदिराचं दार वाजलं. दोघींनी दचकून पाहिलं. कस्तुराबाई बाहेर येऊन उभी होती, एकटीच. ती पाच-सहा पावलं अलीकडं आली आणि थांबली.

"मला समजलं व्हतं," ती कोकिळेला म्हणाली. "मागंच. तू सकाळी येऊन चुलीपाशी बसायचीस तवाच."

कोकिळा तिच्याकडं बघत राहिली. "मंग बोलला काहून न्हाईत?"

"भेवून."

कोकिळेनं तोंड फिरवलं. तिच्या डोळ्यांत आता पाणी आलं, इतका वेळ नव्हतं आलं. जवळ ये असं ती म्हणाली नाही आणि जा असंही म्हणाली नाही. तो तिचा हक्क होता, म्हणून धुरपताबाईही मधे पडली नाही. तिनं नुसता पोरीच्या पाठीवर हात ठेवला.

कस्तुराबाई जराशी दूरच उन्हात खाली बसली. दारात पाळक येऊन उभा होता. त्याच्या मागं अंधारात बायकांचे चेहरे दिसत होते. कस्तुराबाईनं त्याच्याकडं पाहिलं, पदर डोक्यावर ओढून घेतला आणि भेदरलेल्या, फाटक्या आवाजात हाक मारली,

"नर्मदे, भाईर ये. तू बी भाईर ये."