लहानू आबाजींची बियासी

लहानू रामटेके अठ्ठ्याऐंशी वर्षांचे झाले होते, आणि त्या श्रावणात नांगर आपणच धरायचा असं त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं.

शहरात, गुढियारीच्या घरी फोन वाजला तो दीपमालाने उचलला. ती राकेशची बायको, लहानूंची नातसून. लग्नाला चार महिने झालेले. नागपूरच्या इंदोऱ्यात वाढलेल्या या पोरीने धान पाहिलं होतं ते आगगाडीच्या खिडकीतून. फोनवर लहानूंची लेक, राकेशच्या कलावतीआत्या होत्या. नवरा गेल्यापासून त्या आरंगच्या वाटेवरल्या गावी बापाजवळच राहत.

"राकेशले पाठव वं," त्या रडकुंडीला आल्या होत्या. "माझा पोरगा धर्मपाल शहरात तेलीबांध्याले बिल्डिंगच्या कामावर गेला, तर बाबा म्हणतात मीच बियासी करतो. छातीचा त्रास हाय त्यायले. माझं ऐकूनच नाही राहिले."

राकेश नव्या मंत्रालयात कारकून. नवं राज्य होऊन तीन वर्षं झाली तरी त्याच्या खात्यातल्या फायली अजून पेट्यांतून निघतच होत्या. "छुट्टी नहीं मिलेगी," तो म्हणाला. "तू जा. नई बहू की बात मानेंगे."

दीपमाला सकाळच्या बसने गेली. गावी पोचली तेव्हा घराला कडी होती. मागच्या बाजूने बैलांना हाकल्याचा आवाज आला, तशी ती बांधाबांधाने निघाली आणि समोरचं पाहून जागच्या जागी थांबली.

पोटरीएवढं हिरवंगार धान पाण्यात उभं होतं, आणि त्या उभ्या धानातून आबाजी नांगर चालवत होते. फाळ पुढे सरकला की रोपं उपटून आडवी पडत, चिखलात बुडत. अर्ध्या शेताचा पार रेंदा झाला होता.

"आत्याबाई!" ती ओरडली. "थांबवा ना त्यायले! सारं पीक मोडून राहिले!"

कलावतीआत्या बांधावर डोक्याला हात लावून बसल्या होत्या. "पिकाचं नको घेऊ मनावर. यालेच बियासी म्हणतात. धानाची मुळं हलवा लागतात, मंग ते फुटते. मले काळजी हाय ते त्यायच्या जीवाची."

दीपमालाला ते पटलं नाही. एवढं उलथंपालथं झालेलं परत उभं राहील? ती पाण्याच्या कडेला गेली. "आबाजी, बस करा आता. मी घ्यायले आली तुमाले."

म्हाताऱ्याने बैल थांबवले नाहीत. वळताना फक्त तिच्याकडे पाहिलं. "जेवली का? नाही तर कलावतीकून भाकर घे. पाणी आज हाय वावरात, उद्या राहीन का?"

मग ती बसून राहिली. कमरेतून वाकलेला, काडीसारख्या पायांचा तो माणूस फेऱ्यांमागून फेऱ्या घालत होता, आणि मूठ एकदाही डगमगत नव्हती. घरात त्याला पाण्याचा लोटा दोन्ही हातांनी धरावा लागे.

"मी नऊ वर्षांची होती," आत्या एकाएकी बोलू लागल्या. "गावात देवीची साथ आली. माझे दोन भाऊ एका हप्त्यात गेले. दुसऱ्याले माती दिली त्याच्या तिसऱ्या दिवशी पाऊस झाला, वावर भरलं. माय म्हणे, उरलेल्या तिघांले खाऊ घाला लागते. बाबानं नांगर धरला. माय, शेवंता म्हणत तिले, मागं मागं पडलेली रोपं बसवत होती. दोघंही रडत होते वं. पण दिवस मावळेपर्यंत वावर सोडलं नाही त्यायनं."



दुपार कलली. कोपऱ्यातला एक पट्टा उरला असताना नांगर थांबला. आबाजी मुठीवर ओणवे झाले, छाती वरखाली होत होती. दोघी चिखलातून धावल्या. आत्यांनी त्यांना धरलं.

"झालं आता," आत्या म्हणाल्या. "राहू द्या तेवढं."

"ते बी धानच हाय." आबाजींनी दम घेतला. मग दीपमालाकडे वळले. "तू धर. मी बैलाच्या म्होरं चालतो."

पलीकडच्या बांधावरून शेजारीण पद्मिनी ओरडली, "कका, बाईने नांगराले हात नाही लावायचा! पाणी नाही पडत मंग!"

"छप्पन साली नागपूरले जाऊन दीक्षा घेऊन आलो, तवाच असे सारे नेम सोडले मी," आबाजी म्हणाले. आवाज बारीक होता, पण शेजारणीला ऐकू गेला. "धर पोरी. दाबू नको. नुसती सोबत कर त्याले."

तिने साडी खोचली, मूठ धरली. जमिनीने नांगर असा ओढला, की खाली कोणी जितं माणूस आहे असं तिला वाटलं. फाळ तिरपा गेला, बाहेर आला, पुन्हा बुडाला. म्हातारा बैलांच्या शिंगांना हात लावून सावकाश पुढे चालला होता, मागे वळून बघत नव्हता. पट्टा संपला तेव्हा तिचे तळहात सोलले होते.

ती त्या दिवशी गुढियारीला परतली नाही. दुसऱ्या दिवशी आत्यांबरोबर ओणवी होऊन आडवी रोपं दाट जागेतून उचलून विरळ जागी बसवत राहिली. रोपं मेल्यासारखी लुळी पडली होती. तिसऱ्या दिवशी ती पिवळी झाली. आबाजी खाटेवर पडून होते आणि तिला काही विचारत नव्हते. चौथ्या दिवशी तिने बसची वेळ विचारली, आणि गेली नाही.

सहाव्या दिवशी सकाळी ती दात घासत मागच्या दारी आली आणि हातातला तांब्या तसाच राहिला. सगळं शेत उभं होतं. नुसतं उभं नव्हतं, प्रत्येक बुडाशी नवे कोंब होते, आधी कधी न पाहिलेल्या गडद हिरव्या रंगाचे. वारा आला तसं या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळं एकदम हललं. कोणाला हाक मारायचंही तिला सुचलं नाही. ती चपला काढून बांधावर गेली, आणि का ते तिचं तिलाही कळलं नाही, तिने हात जोडले.

आबाजी काठी टेकत मागे येऊन उभे होते. सत्तर वेळा बियासी केलेला तो माणूसही तिच्यासारखाच बघत होता, तोंड थोडं उघडं टाकून.

"दरसाली वाटते," ते म्हणाले, "या बारीनं नाही उठणार."

ते आणखी सहा वर्षं जगले. बियासीच्या त्या साली धान चांगलं झालं, फक्त दीपमालाच्या कोपऱ्यात विरळ आलं. कापणीपर्यंत येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला आबाजी आधी तिकडेच नेत आणि बोट दाखवून सांगत, "हे आमच्या नातसुनेचं हाय."